बाटलीवर काय लिहायचं

सातारा

चि. रेवतीस,


तुझा मेल मिळाला. डोळ्यांना त्रास नको म्हणून शेजारच्या मुलाकडून सगळ्याचे प्रिंट काढून घेतले. तुझ्या कंपनीच्या भांगेच्या तेलाच्या बाटलीचं लेबल, वेबसाइटचं पहिलं पान, इन्स्टाग्रामचा मजकूर, होळीच्या सवलतीची पोस्ट, सगळं सावकाश वाचलं. ‘मावशी, कायद्यात बसतंय का एवढंच सांग’ असं तू लिहिलं आहेस. एवढंच सांगायचं तर बसत नाही. पण लाल शेरा मारून कागद परत पाठवायचं काम मी ड्रग इन्स्पेक्टर म्हणून आयुष्यभर केलं, भाचीला तेवढं पुरणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

आधी माझी बाजू सांगते, नाहीतर गांजा-भांग म्हटलं की कानांवर हात ठेवणारी म्हणून तू मला बाजूला काढशील. ही वनस्पती आपल्या औषधांत जुनी आहे. शार्ङ्गधर संहितेत भांगेचा उल्लेख आहे, आणि जातीफलादी चूर्ण, जे ग्रहणीच्या रोग्याला वैद्य आजही देतात, त्यात भांग पडते. कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने १८३९ च्या सुमाराला धनुर्वात, संधिवात, लहान मुलांचे झटके यांवर गांजाचा अर्क वापरून पाहिला आणि ते ज्ञान इंग्लंडला नेलं. पुढे शंभरेक वर्षं हे औषध युरोप-अमेरिकेच्या दुकानांत होतं. ते मागे पडलं त्याची कारणं बरीच आहेत, इंजेक्शनची सुई आली, ॲस्पिरिन आलं, कायदे आले. पण एक कारण तुझ्या कामाचं आहे. एका बाटलीतला अर्क तेज निघायचा, दुसऱ्या बाटलीतला पाणचट. किती थेंब द्यायचे हे डॉक्टरला खात्रीने सांगता येईना. हे लक्षात ठेव, याकडे परत येणार आहे.

बंदी हाच उपाय असंही मला वाटत नाही. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न निघाला आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्या आयोगाने १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये भलामोठा अहवाल दिला. माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिरेकाने होते, तेव्हा सरसकट बंदी घालू नये, असं त्याचं सार. त्याऐवजी काय करावं, तर लागवड परवान्याने, पुरेसा कर, दुकानांची संख्या कमी आणि एका माणसाने किती बाळगावं याला मर्यादा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या साहेबांचं सगळंच मला पटतं असं नाही, त्यांचा डोळा महसुलावरही होता. पण विकणाऱ्याच्या हाताला लगाम घालावा आणि घेणाऱ्याला तुरुंगात टाकू नये, हा त्यातला विचार मला आजही शहाणपणाचा वाटतो. तुझी गाडी अडते ती या लगामापाशी.

आता तुझ्या कंपनीचा धंदा कायद्याच्या कोणत्या फटीत उभा आहे ते बघ. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्यावर किंवा फळावर आलेले शेंडे असं सांगतो. शेंड्यांशिवाय आलेलं पान आणि बी यांना त्याने वगळलं आहे. चरस म्हणजे झाडाची राळ, ती अर्थातच आत. ही व्याख्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली आणि तिच्यामुळे भांगेचं पान केंद्राच्या त्या कायद्यातून सुटलं. राज्याच्या कायद्यातून मात्र सुटलेलं नाही. आपल्याकडे भांग १९४९ च्या मुंबई (आता महाराष्ट्र) दारूबंदी कायद्याच्या कक्षेत आहे. म्हणजे तुमचं तेल पानांचं आहे तोवर ते औषध, आणि पानांबरोबर शेंडे आले की तोच माल गांजा. वीस किलोच्या वर असा माल सापडला तर कायद्याने तो व्यापारी साठा होतो आणि शिक्षा किमान दहा वर्षं. तू जाहिरात लिहिणारी, तुला काय त्याचं, असं वाटेल. पण तू वेबसाइटवर ‘शंभर टक्के पानांपासून’ असं लिहिलं आहेस. हे तुला कोणी सांगितलं? पानं कुठून आली, कोणत्या परवान्यावर आली, आलेल्या मालाची तपासणी कोणी केली, याचा एक तरी कागद तू पाहिला आहेस का? मालकांनी बैठकीत सांगितलं, एवढ्यावर ते वाक्य छापायचं नाही.

त्याच पानावर वर ‘फुल स्पेक्ट्रम’ आहे आणि खाली ‘टीएचसी-मुक्त’. अगं, दोन्ही एकाच बाटलीत कसं राहील? फुल स्पेक्ट्रम म्हणजे पानातलं जे आहे ते सगळं अर्कात उतरलंय. पानात नशेचं द्रव्य, म्हणजे टीएचसी, शेंड्यांपेक्षा कमी असतं, शून्य नसतं. उद्या एखाद्या ड्रायव्हरने ‘मुक्त’ वाचून रात्री तेल घेतलं आणि पहाटे घाट उतरायला बसला, किंवा एखाद्या खेळाडूची लघवी तपासली गेली, तर तो तुझ्या त्या दोन शब्दांवर विसंबलेला असेल. मग काय लिहायचं? प्रत्येक बॅचच्या रिपोर्टमधला आकडा लिहायचा. एका मिलिलिटरमध्ये टीएचसी इतके मिलिग्रॅम, सीबीडी हे पानातलं दुसरं द्रव्य इतके मिलिग्रॅम, आणि ड्रॉपरच्या एका भरण्यात किती उतरतं ते. ओशॉनेसीच्या अर्काला हा आकडाच मिळाला नाही. तुमच्याकडे यंत्रं आहेत, प्रयोगशाळा आहेत, तरी लेबलवर मला सोनेरी पान दिसतं, हिमालय दिसतो, आकडा दिसत नाही.

आता या सगळ्यातली खरी अडचण. बाहेरच्या लोकांना ती माहीत नसते आणि तुलाही कोणी सांगितली नसेल. ॲलोपॅथीचं झोपेचं औषध विकायला दुकानाला लायसन्स लागतं, गादीवर नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, शेड्यूल एच-वनमधलं औषध असेल तर रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. आम्ही इन्स्पेक्टर अशाच वह्या चाळत दुकानं हिंडायचो. आयुर्वेदिक औषध बनवायला लायसन्स लागतं, विकायला मात्र लागत नाही. च्यवनप्राशासाठी हे ठीक होतं, गावोगावच्या किराणा दुकानात त्रिफळा मिळावा म्हणून कोणी हट्ट धरला असेल तर मी त्याच्या बाजूने. पण भांगेच्या अर्काचं तेलही त्याच दारातून बाहेर पडतं. जिममध्ये विका, मोबाइलवर विका, ब्यूटी पार्लरच्या काचेत ठेवा, औषधविक्रीचं लायसन्स कुणी मागणार नाही. म्हणजे ज्या गादीवर फार्मासिस्ट बसायचा, तिथे आता कोणीच नाही. गिऱ्हाईक आणि औषध यांच्यामध्ये एकच गोष्ट उरते, ती तुझा मजकूर. तुला नेमलंय विक्री वाढवायला, हे मला कळतं. पण कायद्याने ती गादी रिकामी ठेवल्यामुळे तिथे तू बसली आहेस, तुला ते माहीत असो वा नसो.

गिऱ्हाईकाला सावध करायला कायद्याने एक गोष्ट मागितली आहे, आणि ती तुम्ही बारकोडच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत टाकली आहे. औषधांच्या नियमांना जोडलेली शेड्यूल ई(१) नावाची यादी आहे. आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची ती यादी. धोतरा, बचनाग, कुचला, अफू यांच्या पंगतीत बी सोडून भांग तिथे बसते. या यादीतलं द्रव्य पोटात घ्यायच्या औषधात असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं असा इशारा इंग्रजीत आणि हिंदीत, ठळक, बाटलीवर हवा. ठळक हा शब्द नियमातलाच आहे, माझा नाही. पुढच्या मसुद्यात तो इशारा समोरच्या बाजूला, नावाच्या खाली, काळ्यावर पांढरा दिसला पाहिजे. डिझायनर कुरकुर करेल. करू दे.

आता वेबसाइट. ‘कॅन्सरच्या वेदना, फिट्स, संधिवात, चिंता, निद्रानाश यांत आधार’ अशी तुझी ओळ आहे. ‘बरं करतं’ न लिहिता ‘आधार’ लिहिलं की सुटलो, असं तुमच्या धंद्यात सगळ्यांना वाटतं. १९५४ चा औषधांच्या आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा जो कायदा आहे, त्याचं तिसरं कलम वाच. कॅन्सर, अपस्मार, संधिवात ही नावं त्याच्या अनुसूचीत आहेत, मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे विकारही आहेत. अशा रोगासाठी औषध वापरावं असं सुचवणारी किंवा तिकडे ओढून नेणारी जाहिरात तिथे मनाई आहे. सुचवणंसुद्धा. तेव्हा ‘आधार’, ‘साथ’, ‘मैत्रीण’ असले शब्द शोधण्यात तुझं डोकं घालवू नकोस. आणि जाहिरात म्हणजे काय हेही त्या कायद्याने सांगून ठेवलंय. पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, आणि प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साधनाने केलेली जाहीर बातमी! धुराचा उल्लेख कोणी का घातला कोण जाणे, विमानाने आकाशात अक्षरं काढायचे तो काळ होता. तुझं रील त्यात सहज मावतं.

हा कायदा कोर्टात टिकेल का, असंही तुझ्या मालकांनी विचारलंय म्हणे. हमदर्द दवाखान्याने तो प्रश्न १९५९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात नेला. काही तुकडे कोर्टाने काढून टाकले, पण मूळ कायदा उभा राहिला. व्यापारी जाहिरातीकडे कोर्ट पुढे थोडं उदार झालं हे खरं, तरी औषधाच्या बाबतीत तो भरवसा धरून कोणी धंदा उभारू नये.

मधल्या काळात आयुर्वेदिक औषधांची जाहिरात छापण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून तिला क्रमांक घ्यायचा, असा १७० नंबरचा नियम २०१८ च्या शेवटी आला. कंपन्यांना तो नको होता. २०२४ च्या जुलैमध्ये सरकारने तो काढून टाकला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काढण्याला स्थगिती दिली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ते प्रकरणच निकाली निघून स्थगितीही गेली. म्हणजे आज छापण्याआधी तुला कोणी विचारणार नाही. तुझ्या मालकांना यात मोकळं रान दिसतं. मला उलटं दिसतं. आधी तपासून देणारा माणूस असतो तेव्हा जबाबदारी वाटली जाते. तो गेला की छापून आलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी छापणाऱ्यावर. ग्राहक संरक्षणाचं केंद्रीय प्राधिकरण फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि तो जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही लागतो. तेव्हा त्या योगा शिकवणाऱ्या इन्फ्लुएन्सर मुलीला तुम्ही तेल फुकट पाठवून व्हिडिओ करायला सांगणार आहात, तर हे आधी तिला लिहून कळवा. तिला माहीत असायला हवं.

फिट्सची गोष्ट जरा थांबून सांगते, कारण यात तू सगळ्यात प्रामाणिक होतीस आणि सगळ्यात जास्त चुकलीस. ‘संशोधनाने सिद्ध’ असं लिहून तू खाली अमेरिकेतल्या औषधाचा दाखला दिला आहेस. ते औषध खरं आहे. २०१८ मध्ये तिथल्या एफडीएने मुलांच्या दोन दुर्मीळ आणि भयंकर अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडीला मान्यता दिली. पण त्यात काय आहे बघ. एकच द्रव्य, शुद्ध केलेलं. डोस मुलाच्या वजनावर. यकृताच्या तपासण्या. दुसऱ्या औषधांबरोबर घेतलं तर काय होतं याची लांबलचक सूचना, कारण सीबीडीमुळे फिट्सवरच्या क्लोबाझॅमपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याची पातळी वाढते आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणामही वाढू शकतो. तुमच्या बाटलीत पानांचा अर्क तिळाच्या तेलात आहे. शेजाऱ्याच्या मुलाची मार्कशीट आपल्या मुलाच्या स्थळाच्या कागदांत घालावी तसा हा प्रकार झाला. आणि तुझी ओळ वाचून एखाद्या आईने पोराचं चालू औषध थांबवलं तर? फिट्सचं औषध अचानक थांबवणं जिवावर बेततं. ही ओळ आजच काढ. वेबसाइट सुरू झालेली नाही हे मला माहीत आहे, तरी मसुद्यातूनसुद्धा काढ.

आता होळी. ‘या होळीला शांतता लावा’, शेजारी थंडाईचा पेला, खाली पंचवीस टक्के सूट. पोस्ट दिसायला छान आहे, मान्य करते. पण कंपनीचा सगळा आधार काय, तर आमचं हे औषध आहे. मुंबईच्या फ्राम बलसारा यांनी दारूबंदी कायद्याला आव्हान दिलं तेव्हा १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी बऱ्याच अंशी टिकवली, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं तिच्यातून बाहेर काढली. औषध औषध म्हणून वापरलं जातं, दारू म्हणून नाही, या भेदावर ती सूट उभी होती. सत्तर वर्षं त्या भेदाच्या आसऱ्याने किती कंपन्या जगल्या. आणि तुम्ही स्वतःच औषधाच्या बाटलीशेजारी थंडाईचा पेला ठेवून तो भेद पुसून टाकता. उद्या एक्साइजचा माणूस ती पोस्ट छापून फायलीला लावेल आणि तुमच्या वकिलाला उत्तर सुचणार नाही. सणाची सूट, ‘दोन घ्या एक मोफत’, मित्राला कळवलं तर पैसे परत, असलं काही या वस्तूला लावू नकोस. ज्याला गरज नाही त्याला घ्यायला लावणं, हाच सवलतीचा उद्देश असतो.

ऑनलाइन सल्ल्याबद्दल तू फारसं लिहिलं नाहीस, पण वेबसाइटवर ‘दोन मिनिटांत मोफत वैद्य सल्ला, लगेच प्रिस्क्रिप्शन’ असं बटण आहे. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही. गिऱ्हाईक तेल टोपलीत टाकतं, पैसे भरतं, मग कंपनीच्या पगारावरचा वैद्य फोन करतो आणि चिठ्ठी देतो. हा क्रमच उलटा आहे. आधी निवड, मग पैसे, मग निदान! दूरध्वनीवरच्या सल्ल्याचे २०२० चे डॉक्टरांसाठीचे नियम अमली पदार्थ कायद्याखालची औषधं तशी लिहून द्यायला मनाई करतात. पान त्या कायद्यातून सुटल्यामुळे तुमचं तेल निदान त्या मनाईतून निसटतं. निसटू दे. पण तू मजकूर लिहिणारी आहेस तर एवढं करू शकतेस. बटणाचा क्रम बदलायला सांग, सल्ला आधी आणि पैसे नंतर. वैद्याने ‘हे तेल तुमच्यासाठी नाही’ असं सांगितलं तर गिऱ्हाईकाला दिसेल अशी ओळ लिही. आणि वैद्याने काय विचारायचं त्याची यादी तूच मागून घे, पानावर उघड टाक. गरोदर आहात का, अंगावर पाजता का, घरात कोणाला वेड लागल्याचा किंवा स्किझोफ्रेनियाचा इतिहास आहे का, हृदयाची, रक्त पातळ होण्याची, फिट्सची औषधं चालू आहेत का, गाडी चालवता का. वय विचार. एकवीसच्या आतल्या पोराला हे तेल परस्पर विकू नये असं माझं मत, कायदा काहीही म्हणो.

तुझा दादा टोरंटोला असतो, त्याला विचार. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, औषध म्हणून तर आधीपासूनच होता. तरीही तिथलं पाकीट पाहिलंस तर तुला तुझ्या धंद्याची कीव येईल. एकरंगी वेष्टन, एकच लहान चिन्ह, लाल अष्टकोनात पान आणि टीएचसी अशी अक्षरं, पिवळ्या चौकटीत आरोग्याचा इशारा, आणि मुलांना उघडता येणार नाही असं झाकण. जाहिरातीत माणूस नको, कार्टून नको, प्राणी नको, कुणाची शिफारस नको, ऐषआराम, उत्साह, धाडस यांची छटा असलेली जीवनशैली नको. खाण्याच्या पदार्थाचं एक पाकीट असेल तर त्यात टीएचसी दहा मिलिग्रॅमच्या वर नाही. वेष्टनाच्या रंगापर्यंत सरकारने हात घालावा हे मला जरा अतीच वाटतं, पण खाण्याच्या पदार्थावरची मर्यादा मात्र शंभर टक्के बरोबर. गोळी-चॉकलेट म्हणून लहान पोरं तो माल तोंडात टाकतात आणि दवाखान्यात पोचतात, म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडोला माणसाच्या, प्राण्याच्या, फळाच्या आकाराच्या गोळ्यांवर बंदी आणावी लागली. तुमच्या मालकांच्या पुढच्या वर्षीच्या यादीत ‘अस्वलाच्या आकाराची गमी’ असं मला दिसलं. ती यादी तू चुकून पाठवलीस बहुतेक. बरं झालं.

थायलंडचं उलटं झालं. २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी गांजा बंदीच्या यादीतून काढला तेव्हा विक्रीचा पुरता कायदा हातात नव्हता. बँकॉकच्या रस्त्यांवर दुकानांची रांग उभी राहिली, मग मागून एक एक नियम आला, आणि २०२५ च्या जूनमध्ये फुलोऱ्याला परत डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची झाली. ज्यांनी कर्ज काढून दुकानं थाटली त्यांच्या गळ्याला फास लागला. तुमच्या कंपनीलाही हेच भय आहे. आज फटीत चालतंय म्हणून जाहिरातीचा धुमधडाका लावलात, एखादं पोर दवाखान्यात गेलं की सरकार जागं होईल आणि फट बुजवेल. तेव्हा ज्या वैद्यांना हे औषध खरोखर कामाचं वाटतं त्यांच्याही हातातून ते जाईल. सरकार जागं झालं की वैद्य आणि दुकानदार असा फरक करत बसत नाही, हे मी आतून पाहिलंय.

मग जाहिरात करायचीच नाही का? कर ना. कायद्याने एक रस्ता स्वच्छ ठेवलाय, तो कोणी वापरत नाही कारण त्याला टाळ्या मिळत नाहीत. नोंदणीकृत वैद्य-डॉक्टरांना खासगीत पाठवलेली माहिती १९५४ च्या कायद्यातून वगळलेली आहे. तिथे रोगाचं नाव घेता येतं, मात्रा सांगता येते, संदर्भ देता येतात. तू लिहितेस चांगलं, हे मी मावशी म्हणून नाही, वाचक म्हणून सांगते. पुण्या-मुंबईतल्या, नाशिकच्या, नगरच्या वैद्यांसाठी चार पानांची पत्रिका लिही. त्यात ग्रंथातला संदर्भ, बॅचचा रिपोर्ट, कोणाला देऊ नये, कोणत्या औषधांबरोबर जपावं, जास्त झालं तर काय लक्षणं दिसतात आणि काय करावं. एका वैद्याने समजून दिलेल्या बाटल्या कमी खपतील. पण त्या परत येणार नाहीत आणि पोलिसांकडेही जाणार नाहीत. लोकांसाठीच्या पानावर काय टाकायचं? कंपनीचं नाव, परवान्याचा क्रमांक, बॅचचे आकडे, इशारा, वैद्याला भेटा. पान कोरडं दिसेल. दिसू दे.

नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. घरात तुझ्या पगाराची गरज आहे हे मला माहीत आहे, आणि चांगला माणूस बाहेर पडला की त्याच्या खुर्चीत कोण बसतं हेही माहीत आहे. पण मालकांकडून तीन गोष्टी तोंडी नव्हे, मेलवर मागून घे. बॅचचे रिपोर्ट, पानांच्या खरेदीचे परवाने, आणि मजकुराला मंजुरी कोणाची, त्या माणसाचं नाव. नाव द्यायला टाळाटाळ झाली तर समज की ते नाव तुझंच असणार आहे. मग मला फोन कर, संध्याकाळी सातनंतर कधीही. माझ्याबरोबर काम केलेली एक मैत्रीण आता पुण्यात औषध कायद्याची प्रॅक्टिस करते, तिच्याकडे तुला घेऊन जाईन. पैसे घेणार नाही, जेवण मात्र तुला घालावं लागेल.

ताईला सांग, लोणच्याची बरणी परत हवी आहे.

तुझी
मावशी

ता. क. लेबलवरच्या इशाऱ्याच्या हिंदी ओळीत ‘चिकित्सक’ हा शब्द चुकला आहे, शेवटचा ‘क’ गळलाय. नवीन मसुदा छापायला देण्याआधी हिंदी येणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घे.